लय जुळली, सम चुकली: डीजे सेटअप आणि ड्रम मशीन एकत्र कसं चालवायचं

(कॅमेरा चेहऱ्यावर)

नमस्कार मंडळी! आमच्या नाशकात 'डीजे' म्हणजे स्पीकरची भिंत, आणि 'टेम्पो' म्हणजे ती भिंत वाहून नेणारी गाडी. परवा घरी मी फोनवर म्हणत होतो, "अरे, दोघांचा टेम्पो जुळत नाहीये." आईनं आतून विचारलं, "भाडं किती मागतोय?"

तर आज गाडी नाही, टेम्पो म्हणजे गाण्याचा वेग. माझ्या डाव्या हाताला दोन डीजे प्लेअर आणि मिक्सर, उजव्या हाताला ड्रम मशीन, म्हणजे ठोके आपोआप वाजवणारं यंत्र. ही दोघं एका लयीत आणायची आहेत.

आधी माझी फजिती सांगतो. गंगापूर रोडला एक छोटा कार्यक्रम होता. गाणं 120 वर, म्हणजे मिनिटाला 120 ठोके, ड्रम मशीनवरही 120 लावलं, म्हटलं झालं काम. पहिला अर्धा मिनिट झकास. मग किक, म्हणजे खालचा जाड ठोका, 'धप्प' ऐवजी 'धडप्प' वाजायला लागली. थोड्या वेळानं तर ढोल गडगडत जिन्यावरून खाली चाललाय असं वाटायला लागलं. समोरचे लोक नाचायचे थांबून माझ्याकडे बघायला लागले.

झालं काय होतं? गाणं खरं 120.1 होतं. फरक एवढासाच, पण हिशेब करा. 120 च्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. मिनिटाला एक दशांश ठोका सरकला म्हणजे 50 मिलिसेकंद. अर्ध्या मिनिटात 25, आणि एवढं अंतर कानाला टोचतंच. अडीच मिनिटांत पाव ठोका गेला. पडद्यावर आकडा सारखा दिसला म्हणजे जुळलं, असं नसतं.

आता नाशिक ढोल आठवा. एवढे ढोल, तरी कुणी सरकत नाही. का? कारण ढोलवाला स्वतःच्या मनातला आकडा वाजवत नाही, ताशाच्या मागे जातो. आणि गंमत बघा: आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. वाकडी बारवेपासून मिरवणूक निघाली आणि ताशा तुमच्यापासून 34 मीटर पुढे असला, तर तो तुम्हाला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. म्हणून मागच्या रांगेतला शहाणा वादक कानावर विसंबत नाही, पुढच्याचं टिपरू बघतो. टिपरू उठलं की हा उठतो.

आपल्याला मशीनला नेमकं हेच दाखवायचं आहे. त्या उठणाऱ्या टिपरूला इथं मिडी क्लॉक म्हणतात; मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवायची भाषा.

(कॅमेरा टेबलवर, केबल हातात)

ही पाच पिनांची केबल. मिडी 1983 साली आलं. मिक्सर या केबलमधून एका ठोक्याला 24 टिकटिक पाठवतो. 120 च्या लयीत दोन टिकटिकींत जेमतेम 21 मिलिसेकंद. लक्षात घ्या, '120' हा आकडा या तारेतून जातच नाही. ड्रम मशीन टिकटिक मोजतं आणि त्या चालीनं चालतं. तुम्ही गाणं जरा पळवलंत की टिकटिक पळते, मशीनही पळतं. ड्रम मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन क्लॉक बाहेरून घ्यायचा, एवढं मात्र सांगावं लागतं. निम्मे लोक इथंच विसरतात. मीही.

पण एक मेख आहे. सगळ्या टिकटिकी सारख्याच. त्यातली सम कुठली, हे क्लॉक सांगत नाही. तबला शिकलेल्यांना लगेच कळेल: लय बरोबर, सम चुकलेली. गाण्याचा 'एक' पडतो तेव्हा मशीनचा 'तीन' वाजतो, आणि दोघं अगदी इमानानं चुकीचं चालत राहतात. समेसाठी वेगळा संदेश असतो, 'स्टार्ट'. तो आला की मशीन पॅटर्नच्या, म्हणजे त्यात भरलेल्या ठेक्याच्या, पहिल्या घरापासून सुरू होतं. ते बटण बरोबर समेवर दाबायचं, आणि ते काम तुमच्या हाताचं.

आता ताशा कुणाकडे द्यायचा? बरेचसे मिक्सर गाणं ऐकून टेम्पोचा अंदाज करतात. ठणठणीत किक असलेल्या हाउस किंवा टेक्नो अशा नाचाच्या संगीतावर तो अंदाज बरा येतो. पण जुनं, वादकांनी स्टुडिओत बसून वाजवलेलं ढोलकीचं गाणं लावा. वादक रंगात आला की लय चढते, मिक्सर गोंधळतो, आणि मशीन त्याच्यामागे धडपडतं. अशा गाण्याला मी उलटं करतो. मशीन स्वतःच्या क्लॉकवर सोडतो आणि गाणं जॉग व्हीलवर, म्हणजे प्लेअरच्या गोल चकतीवर, बोट ठेवून त्याच्यासोबत नेतो. कष्ट आहेत, पण मला तेच आवडतं.

खाचेबद्दल एक इशारा. रोलँड कंपनीची टीआर-808 ही ड्रम मशीन, 1980 ची, तिलाही पाच पिनांची खाच आहे. पण तो मिडी नाही, रोलँडचा स्वतःचा सिंक, म्हणजे लय जुळवायचा संकेत, आहे. केबल बसेल, काम होणार नाही, मध्ये कन्व्हर्टर लागतो. कॉर्ग कंपनीच्या व्होल्का या छोट्या यंत्रांना छोटी ऑडिओसारखी सिंक खाच असते, तिथं ठोक्याला दोनच पल्स, म्हणजे टिकटिकी. चार पाठवलेत तर व्होल्का दुप्पट वेगानं सुटेल.

लॅपटॉपवाल्यांसाठी एबलटन लिंक आहे, नेटवर्कवरून टेम्पो जुळवणारी सोय, 2016 पासून. एकाच नेटवर्कवरचे सगळे आपोआप जुळतात, आणि समेचंही बघतात. तिथं ताशावाला कुणीच नसतो, टेम्पो कुणीही बदलू शकतो. एकदा आमच्याच एका दोस्तानं प्रेक्षकांत बसून फोनवरचं ॲप उघडलं, सहज टेम्पो 90 केला, आणि स्टेजवर आमचं सगळं पाणी झालं. तेव्हापासून कार्यक्रमाच्या वायफायचा पासवर्ड मी कुणाला देत नाही. जेवण देईन, पासवर्ड नाही.

चला, करून बघू.

(कॅमेरा दोन्ही हातांवर)

गाणं चालू आहे, फक्त माझ्या हेडफोनमध्ये नाही, तुम्हालाही ऐकू येतंय. बोट स्टार्टवर. मुद्दाम आधी चुकीचं दाबतो... ऐका, मशीनची टाळी गाण्याच्या एकवर आणि तीनवर पडतेय. थांबवलं. आता मोजा माझ्यासोबत: एक, दोन, तीन, चार, एक, दोन, तीन, चार, आणि...

(स्टार्ट दाबतो)

टाळी ऐका. दोनवर आणि चारवर. आता गाणं 120 वरून 126 वर नेतो, मशीनला हात लावत नाहीये. आलं बघा मागोमाग.