यमन सकाळी ऐकला तर काय होतं?

(कॅमेऱ्यासमोर. मागे तानपुरा, अगदी मंद.)

नमस्कार. सकाळी आठ वाजता यमन, म्हणजे रात्रीचा राग, ऐकला तर काय होतं? काहीही होत नाही. आकाश कोसळत नाही, आणि यमनही बिघडत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण रागांच्या वेळांचा विषय निघाला की लोक एकदम दोन टोकांना जातात. एकीकडे ‘अमुक रागाने पित्त उतरतं, तमुक रागाने झोप लागते’ असे फॉरवर्ड फिरत असतात. दुसरीकडे ‘सगळं थोतांड आहे, कधीही काहीही ऐका’ असं म्हणणारे. मला या भांडणात पडायचंच नाही. मला एवढंच सांगायचंय की वेळ पाळून ऐकलं तर कान लवकर तयार होतो. कसा, ते पेटीवर दाखवते.

(पेटी पुढे ओढते. कॅमेरा वरून, बोटांवर.)

पांढरी एकचा सा धरलाय. हे भैरव या पहाटेच्या रागाचे सूर (शुद्ध म्हणजे मूळ जागेवरचा, कोमल म्हणजे त्याहून जरा उतरलेला): सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, शुद्ध नी, वरचा सा. (वाजवते.) ‘जागो मोहन प्यारे’ शिकलेल्यांना लगेच ओळखू येतील. भैरवाचा रिषभ, म्हणजे रे, खरं तर झुलता असतो, आंदोलित. तो पेटीवर निघत नाही, गळ्यातच ऐकायला हवा. पण आपलं काम भागेल.

आता बोटाकडे लक्ष द्या. मध्यम, म्हणजे म, पांढरी चारवर आहे. तो तिथून उचलून शेजारच्या काळी तीनवर ठेवते. बाकीचे सूर जिथल्या तिथे. (वाजवते. थांबते. पुन्हा वाजवते.)

हे झाले पूरिया धनाश्रीचे सूर. ‘पायलिया झनकार’चा राग, दिवेलागणीचा. एक पट्टी सरकली आणि पहाटेची संध्याकाळ झाली.

योगायोग वाटत असेल तर आणखी एक जोडी घ्या. सगळे सूर शुद्ध, म्हणजे बिलावल. वेळ सकाळची. त्यातला मध्यम तीव्र केला, म्हणजे तसाच वर चढवला, की यमनाचे सूर, रात्रीचा पहिला प्रहर. म्हणून तर मध्यमाला अध्वदर्शक स्वर म्हणतात, वाट दाखवणारा. शुद्ध मध्यमाचं राज्य असेल तर राग बहुधा दिवसाकडे झुकतो, तीव्राचं असेल तर संध्याकाळ-रात्रीकडे. ‘बहुधा’वर जोर द्या हं. तोडीत तीव्र मध्यम आहे आणि तोडी सकाळी गातात. बागेश्री, मालकंस यांच्यात शुद्ध मध्यम, आणि दोन्ही रात्रीचे.

(पडद्यावर: दिवसाचे ४ प्रहर + रात्रीचे ४ प्रहर, प्रत्येकी सुमारे ३ तास)

हे नियम कुठून आले? रागांना वेळा नेमून देण्याची पद्धत जुनीच, संस्कृत ग्रंथांतही ती सापडते. पण आज आपण ज्या रूपात ती शिकतो ते बसवलं पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी. जन्म १८६०चा, मृत्यू १९३६चा. मुंबईचे, शिक्षणाने वकील. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मूळ मराठीत आहे, आणि गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो. वकिलाची उलटतपासणीच म्हणा ना. वेगवेगळ्या घराण्यांचे उस्ताद जे प्रत्यक्ष गात होते ते ऐकून, टिपून, त्यातून त्यांनी सूत्रं काढली. म्हणजे गाणं आधी, नियम मागाहून. अपवाद इतके का, याचं उत्तर यातच आहे.

त्यातलं एक सूत्र मला सगळ्यांत आवडतं, कारण ते नुसत्या सुरांच्या यादीवर अवलंबून नाही. ऐका. (पेटीवर सा, रे, ग, प, ध.) पाचच सूर, सगळे शुद्ध. हा कुठला राग?

‘भूप’ म्हणालात ना? असेलही. पण देसकारही असू शकेल. दोन्ही रागांत हेच पाच सूर. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. मग गवई दोन्ही वेगळे ठेवतो कसे? भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार (ग). सगळी हालचाल सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात. (गाते: सा रे ग, रे सा ध़, सा रे ग…) गंधारावर येऊन बसायचं, तिथून खाली मंद्रात उतरायचं. निवांत. आता देसकार. वादी धैवत (ध). (गाते: ध ध प, ग प ध सां, ध प…) सगळा जीव वरच्या अर्ध्या भागात, रिषभ जेमतेम शिवायचा, धैवत ठासून लावायचा आणि वरच्या षड्जाकडे, म्हणजे सा कडे, झेप. तेच सूर, पण मोहरा निराळा.

भातखंड्यांचं सूत्र असं: दुपारी बारापासून रात्री बारापर्यंतच्या रागांचा वादी पूर्वांगात, म्हणजे खालच्या भागात, रात्री बारापासून दुपारी बारापर्यंतच्या रागांचा उत्तरांगात. इथेही अपवाद आहेत, पण भूप-देसकाराला ते चपखल बसतं.

आपल्याकडे गंमत आणखी एक. देवाला पहाटे उठवायला गातात ती भूपाळी, आणि भूप राग मात्र संध्याकाळनंतरचा. शास्त्रकारांनी वेळा कितीही आखल्या तरी लोकांच्या गळ्याने त्या मानल्याच असं नाही.

अशीच जोडी तोडी आणि मुलतानीची. सूर तेच, तोडी सकाळी, मुलतानी दुपार उतरणीला लागल्यावर. आणि मारवा, पूरिया, सोहनी हे तर त्रिकूटच: सहाच सूर, पंचम नाही, तिघांचे चेहरे तीन. यातल्या मारव्यापाशी मी जरा रेंगाळणार आहे.

(तानपुऱ्याचा आवाज वाढवते.)

सूर्य बुडतो त्या वेळचा राग. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत हे त्याचे खांब, आणि षड्ज टाळायचा. म्हणजे ज्या सुरावर टेकायचं, तिथेच गायक टेकत नाही. (गाते: ध़ नी़ रे… ग रे… नी़ ध़… रे…) तुम्ही सा येण्याची वाट बघता आणि तो येतच नाही. फार वेळाने येतो, आणि लगेच निसटतो. दिवस संपलाय, रात्र लागलेली नाही, कुठेच बूड टेकत नाही अशी ती वेळ. इथे मला राग आणि वेळ यांचं नातं सगळ्यांत पटतं, आणि त्याला कारण गूढ काही नाही. षड्ज न मिळाल्याने येणारी अस्वस्थता कुणालाही ऐकू येते, राग ओळखता येत नसला तरी.

उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा ऐका. त्यांच्या त्या प्रसिद्ध एलपीच्या एका बाजूला मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. नियम काटेकोर पाळायचा तर रेकॉर्ड उलटायला मध्यरात्रीपर्यंत थांबायला हवं.

आता ‘पण’ची बाजू. दक्षिणेत मोहनम् म्हणजे सुरांनी भूप, कल्याणी म्हणजे यमन, हिंदोलम् म्हणजे मालकंस. कर्नाटक संगीताच्या मैफिलीत हे राग कुठल्याही वेळी गातात. सकाळचे म्हणून काही राग तिथेही मानतात, पण आपल्याइतकी सक्ती नाही. त्यामुळे सुरांच्या कंपनांचा सूर्याशी थेट संबंध आहे वगैरे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. हा संकेत आहे. पण कित्येक पिढ्यांनी त्याच वेळी तेच राग गायले-ऐकले, की संकेतही कानात मुरतो. आकाशवाणीवर सकाळी तोडी आणि रात्री बिहाग ऐकत मोठा झालेला माणूस तोडीला ‘सकाळचा’च म्हणणार.

आणि या संकेताची आज खरी अडचण मैफिलींत होते. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि कित्येक वर्षं रात्र-रात्र चालायचा. श्रोत्यांना मालकंस, सोहनी, ललत आपापल्या वेळी मिळायचे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर उघड्या मांडवात रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट. शहरातल्या बहुतेक मैफिली तर सहा ते नऊमध्येच उरकतात. परिणाम काय? यमन, पूरिया धनाश्री, बिहाग यांची चैन. ललत, भटियार, सारंग, मुलतानी यांची उपासमार. भैरवी तेवढी सुटली, कारण मूळ सकाळची असूनही मैफिलीचा शेवट तिनेच करायचा म्हणून तिला कुठलीही वेळ चालते.

म्हणून या उपाशी रागांसाठी रेकॉर्डिंग हाच आधार. आता कोणी म्हणेल, स्टुडिओत तरी कलाकार वेळ पाळून गातात का? नाही, स्टुडिओ मिळेल तेव्हा गातात. चालतं. ऐकणारे तुम्ही आहात, वेळ तुमच्या हातात आहे.

करून बघायचं असेल तर प्रहरांचा तक्ता भिंतीवर लावू नका. एकाच दिवशी सकाळी देसकार ऐका आणि संध्याकाळी भूप. किशोरी आमोणकरांचा ‘सहेला रे’ चालेल. दोन्हींत एकच बघायचं: गाणारा कुठल्या सुरावर येऊन थांबतोय. हे आठवडाभर जमलं की तोडी-मुलतानी घ्या. मारवा मात्र काम करता करता मागे लावू नका. त्यातली सगळी मजा षड्जाची वाट बघण्यात आहे, आणि लक्ष दुसरीकडे असेल तर ती वाट बघितलीच जात नाही.

ऋतूंचे राग आज मुद्दाम घेतले नाहीत. पावसाळ्यात मल्हार कुठल्याही प्रहराला चालतो, तिथे घड्याळाचं काही चालत नाही. मल्हाराचे प्रकारच इतके आहेत की त्यांना अख्खा भाग लागेल. तो पुढच्या वेळी.