पावतीवरची तिसरी ओळ

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘संगणक दुरुस्तीचा छोटा व्यवसाय कसा सुरू करावा’. भांडवल, जागा, नोंदणी, सगळं सांगणार आहे. पण आधी मला पावतीबद्दल बोलायचंय. मशीन ताब्यात घेताना गिऱ्हाइकाच्या हातात आपण जी पावती ठेवतो, ती. पंधराएक वर्षं दुकान चालवतोय आणि माझं ठाम मत झालंय, की दुरुस्तीचं अर्धं काम त्या कागदावर होतं. बहुतेक ठिकाणी त्यावर काय असतं? ‘लॅपटॉप १, चार्जरसह.’ अहो, शिंपीसुद्धा माप लिहून घेतो!

हे माझ्या डोक्यात का बसलं, ते सांगतो. २००९ सालची गोष्ट. वडील शाळामास्तर. निवृत्तीनंतर चार वर्षं खपून त्यांनी आमच्या मुळशीकडच्या गावाचा इतिहास टाइप केला होता. धरणाविरुद्धच्या १९२१च्या सत्याग्रहात गावातलं कोण कोण होतं, कुठल्या वाडीची शेतं धरणाच्या पाण्यात गेली, कोण कुठे जाऊन राहिलं. म्हाताऱ्या माणसांकडे बसून बसून गोळा केलेलं. दोनशेच्या वर पानं, सगळी श्रीलिपीत. श्रीलिपी म्हणजे मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर, आपल्या पुण्यातच तयार झालेलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वापरलं असेल. माना हलतायत, म्हणजे वापरलं आहे. कुठल्याही मशीनवर मराठी नीट दाखवणारं युनिकोड तेव्हा घरोघरी रुळलं नव्हतं. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे फाइल उघडली, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संगणक फार हळू चालायला लागला म्हणून मी एका दुकानात नेऊन दिला. दुकानाचं नाव सांगणार नाही, त्याने काही साधत नाही. दोन दिवसांनी मशीन परत आलं. कॅबिनेट पुसलेलं, पंख्याची धूळ काढलेली, विंडोज नवीन. वडिलांनी सुरू केलं, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, “वेगात चालतोय.” बाकी काही बोलले नाहीत. दोन्ही ड्राइव्ह फॉरमॅट झाले होते, गावाचा इतिहास कुठेच दिसेना. मी धावत दुकानात गेलो. तिथला मुलगा म्हणाला, “डेटा पाहिजे असं तुम्ही सांगितलंच नाही.” त्याचं खरं होतं. मी सांगितलं नव्हतं, त्याने विचारलं नव्हतं, आणि पावतीवर ‘पीसी स्लो’ एवढेच दोन शब्द होते.

आता खरं दुःख ऐका. हार्ड डिस्कचं क्विक फॉरमॅट केलं, की मजकूर पुसला जात नाही. कुठलं पान कुठे आहे, ती अनुक्रमणिका तेवढी जाते. त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तिथेच पडून असतं. थोडं नव्या विंडोजखाली गेलं असणार, पण डिस्क त्याच दिवशी काढून बाजूला ठेवली असती तर पुष्कळ हाती लागलं असतं. हे आम्हाला कोण सांगणार? वडिलांनी आठवडाभरात त्याच मशीनवर पुन्हा टाइप करायला घेतलं. आठवून आठवून, रोज चार पानं. नवीन पान सेव्ह होत होतं ते कदाचित जुन्याच पानावर! आठ महिन्यांनी मी हे काम शिकलो आणि पहिली ती डिस्क स्कॅन केली. एकतीस पानं निघाली. तीही खिचडीच्या रूपात; फॉन्ट घातला तेव्हा वाचता आली.

आज तर एसएसडीचा, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचा जमाना. त्यात ट्रिम नावाची सोय असते. पुसलेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते, आणि मग बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही. म्हणून माझ्या पावतीवर पहिली ओळ तक्रारीची, गिऱ्हाइकाच्याच शब्दांत. ‘चालू होताना घरघरतं’ म्हणाले तर घरघरतं असंच लिहायचं. हार्ड डिस्कचं निदान पुष्कळदा त्या एका शब्दात असतं. दुसरी ओळ मशीनच्या अवस्थेची: कुठला स्क्रू नाही, बिजागरी कुठे तडकली आहे. तिसरी ओळ: ‘यातलं काय गेलं तर चालणार नाही?’ हे विचारलं, की माणूस दोन क्षण गप्प होतो. मग सांगतो. नातीचे फोटो, टॅलीतले हिशेब, प्रबंध. त्याखाली फॉरमॅटला परवानगी आहे की नाही, आणि सही. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचं विंडोजचं कुलूप असेल तर ते उघडायचा आकडा, रिकव्हरी की, आधी मागायची, मगच मदरबोर्डाला किंवा मशीन सुरू करणाऱ्या बायोसला हात लावायचा.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

जागा दहा बाय दहाची पुरते, पण ओल नको. पावसाळ्यात ‘नो डिस्प्ले’च्या, म्हणजे मशीन चालू पण स्क्रीन काळा, अशा केसेस वाढतात. निम्म्या वेळा रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी काढून तिचे धातूचे संपर्क खोडरबराने पुसले, की मशीन उठतं. त्याचेही पैसे घ्या. तपासणीचं शुल्क पहिल्या दिवसापासून ठेवा. हत्यारांत मल्टिमीटर, चांगले स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंग, चालू स्थितीतला एक जादा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. आणि या सगळ्याच्या आधी एक मोठी एक्स्टर्नल डिस्क, डेटा उतरवायला. बोर्डाचं चिप लेव्हल काम, म्हणजे एकेक चिप काढून बसवायचं, पहिल्या वर्षी बाहेर द्या. पार्ट पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या बाजारात मिळतील, पण बिलाशिवाय उचलू नका, वॉरंटीला तेच लागतं.

नोंदणीला घाबरू नका. कामगार मोजकेच असतील तर राज्याच्या २०१७च्या दुकाने कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. सेवेला जीएसटी वर्षाच्या २० लाख उलाढालीनंतर. फुगलेली लिथियम बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, ती पेटते. अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्या.

काम कुठून येणार? विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा आधार होता, तो १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. कितीतरी धडधाकट मशीन विंडोज ११ला चालत नाहीत. त्यांत एसएसडी घाला, विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घाला, शाळांना आणि छोट्या ऑफिसांना दाखवा. एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, तिथूनच मिळतं.

भांडवलाचे आकडे राहिले, ते प्रश्नोत्तरांत विचारा. माझ्या पावतीचे कोरे नमुने दाराजवळच्या टेबलावर ठेवलेत. न्या, वर तुमच्या दुकानाचं नाव छापा, हवे ते बदल करा. तिसरी ओळ तेवढी काढू नका.