पाण्याचा वार आणि खो-खो

हे जे मैदान दिसतंय ना, ह्याला मैदान म्हणायचं म्हणजे जरा धाडसच आहे. सोलापुरातल्या एका शाळेच्या मागची मुरमाची पट्टी, एका बाजूला कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडं यंत्रमागाचं शेड, त्याची खटखट दिवसभर चालू, आमच्या ह्या फिल्मच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये ती आलीय, काढता आली नाही. खो-खोला 27 बाय 16 मीटर जागा लागते, इथं लांबी कशीबशी बसते, रुंदीत भिंत आडवी येते. म्हणून इथल्या पोरी खांबाच्या आधी भिंतीवरून वळायला शिकतात.

शिट्टी गळ्यात असलेले हे सर, इथल्या मुलींच्या खो-खो टीमचे कोच. नाव लावू नका म्हणाले, मग नाही लावत.

सरांचं मूळ गाव तेलंगणात, करीमनगरकडचं, तेव्हा ते आंध्रात होतं. सोलापूरकरांना ह्यात काही नवीन नाही, आपला अर्धा पूर्व भाग तिकडूनच आलाय. दुष्काळ पडला, हातमाग बसला की पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर माणसं सोलापूरची वाट धरायची, 1877 ला इथं पहिली कापड गिरणी निघाली, जिला आपण जुनी गिरणी म्हणतो, तेव्हापासून तर जास्तच. पण सरांचं कुटुंब आलं फार उशिरा, ऐंशीच्या दशकात. तोवर जुनी गिरणी बंद पडून वीसेक वर्षं झालेली, काम उरलं होतं ते चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत, बारा तासांची पाळी. वडील मागावर, आई बिड्या वळायला, आणि पोरगं शाळा सुटली की मागासाठी सुताच्या कांड्या भरायला. मराठी शून्य. वर्गात पहिले काही महिने मास्तर काय विचारतायत तेच कळायचं नाही, त्यामुळं रोज मार, आणि मार कशाबद्दल तेही कळायचं नाही, हे सांगताना सर आता खो खो हसतात.

खेळाडू म्हणून सर काही फार मोठे झाले नाहीत, हे मी नाही म्हणत, तेच म्हणतात, जिल्ह्याच्या पुढं गेलोच नाही. रात्री माग, दिवसा कॉलेज असं करत बीए केलं, मग बी.पी.एड. डिग्रीवर शिवाजी विद्यापीठ कोल्हापूर छापलंय, कारण सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ 2004 ला झालं. मग पीटीचे सर म्हणून इकडं तिकडं मानधनावर, आणि शेवटी ह्या हायस्कूलमध्ये, मुलींच्या टीमवर.

आता ही वही बघा. आम्हाला वाटलं ह्यात डावपेच असतील, कोण चांगली चेसर म्हणजे पाठलाग करणारी, कोणाला पळणाऱ्या तिघींच्या पहिल्या तुकडीत पाठवायचं वगैरे. तसलं काही नाही. प्रत्येक पोरीच्या नावापुढं लिहिलंय, नळाला पाणी कोणत्या वारी येतं, आई बिड्या द्यायला कारखान्यात कधी जाते, वडिलांची पाळी दिवसाची का रात्रीची, घरात लहान भाऊ किती. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही, उजनी धरण एवढं भरलेलं असलं तरी. आणि ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी पोरगी घरातून हलत नाही, घागरी, ड्रम, बॅरल सगळं तिनंच भरायचं. आधीचे कोच म्हणायचे, पोरी सिरियस नाहीत, दांड्या मारतात. सरांनी कोणाला विचारलं नाही, त्यांना माहीतच होतं, स्वतः भरलंय ना पाणी. त्यांनी वस्तीप्रमाणे टीमचे दोन गट केले, ज्या गटाकडं पाणी त्याला त्या दिवशी सुट्टी, संपला विषय.

बिडीचं त्याहून अवघड. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मिटवायचं, आणि असं हजार व्हायला बाईचा अख्खा दिवस जातो, त्यात पोरीचा हात लागला तरच उरकतं. म्हणजे सर दीड तास मागतात तेव्हा ते त्या घरातल्या दोनेकशे बिड्या मागत असतात. सर दारात उभं राहून तेलुगूत सुरू करतात, "अक्का, अम्मायिनि पंपिंचंडि", पोरीला पाठवा म्हणून. आतनं उत्तर मराठीत, "मग पानं तुम्ही कापता का सर?" आम्ही ऐकलेल्या सौद्यात ठरलं ते असं, की पानं पहाटे कापून ठेवायची, पोरगी संध्याकाळी सातच्या आत घरात, आणि सोडायला सरांनी स्वतः यायचं. येतात ते. जुन्या एम-ऐंशी गाडीवर, मागं दोघी.

मैदानावर मात्र वेगळाच माणूस. खांबावरची डाइव्ह शिकवताना बघा, एका हातानं खांब धरायचा आणि बाकीचं सगळं अंग हवेत झोकून द्यायचं, धावणारीच्या पाठीला बोट लागलं पाहिजे. खाली मुरूम. मॅटला पैसे कुठले, तर पलीकडच्या शेडमधून वेस्ट सूत आणून पोत्यांत भरलंय आणि त्याच्या गाद्या केल्यात. पाचवीची पोर त्यावर पहिल्यांदा उडी मारते आणि तशीच लोळत बसते, उठायला तयार नाही, सर ओरडतात, "झोपायला आलीस का बे!"

जानेवारी 2025 ला दिल्लीत खो-खोचा वर्ल्ड कप झाला, बायकांचा आणि पुरुषांचा दोन्ही भारतानं जिंकला, वस्तीत मोबाईलवर बघितला लोकांनी. आया लगेच बदलल्या का? आठवडाभर. बापांशी बोलताना सर वर्ल्ड कप काढतच नाहीत, ते खेळाडूंना मिळणारे दहावीचे सवलतीचे गुण काढतात आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण. आता त्या 5 टक्क्यांत ह्या वस्तीतल्या किती पोरी बसणार हा प्रश्न आहेच, आम्ही विचारला पण. सर म्हणाले, एक बसली तरी तिच्या गल्लीत मला नंतर बोलावं लागणार नाही.

शालेय स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहेत, 17 वर्षांखालच्या मुलींच्या, आणि पहिली मॅच नेमकी एका गटाच्या पाण्याच्या वारी आलीय. सर आत्ता त्या चार घरांत गेलेत, आम्ही कॅमेरा गल्लीच्या तोंडालाच ठेवला, आत बाया कामाला बसलेल्या, त्यांना शूटिंग नको होतं. तीन घरांतून हो आलंय, दोघींचं पाणी शेजारीण भरणार, एकीचं तिचा भाऊ भरणार, जे त्यानं आजवर कधी केलेलं नाही. चौथ्या घरात नाही म्हणाले. तिच्या जागी कोण, ते सरांनी गाडीवर बसल्या बसल्याच लिहिलंय.