एका डावावरून चीटर ठरवू नका
नमस्कार मंडळी. आज ऑनलाइन बुद्धिबळातली चीटिंग पकडतात कशी त्याबद्दल बोलायचंय, कारण हल्ली कुणी जरा बरं खेळलं की समोरचा लगेच चॅटमध्ये 'इंजिन, इंजिन' (म्हणजे चाली सुचवणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम वापरतोय) लिहून मोकळा होतो आणि मला त्याचा खरंच राग येतो.

2021 चा जून आठवतोय ना? कोविडच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद सेलिब्रिटींशी ऑनलाइन खेळला आणि झेरोधाच्या निखिल कामतने चक्क त्याला हरवलं. ज्या साइटवर ते खेळले त्या चेस डॉट कॉमने कामतचं अकाउंट बंद केलं, कामतने स्वतःच सांगितलं की डाव अ‍ॅनलाइज करणाऱ्या लोकांची आणि कॉम्प्युटरची मदत होती, आणि माफी मागितली. सोपी केस. अशा केसेस क्वचितच मिळतात.

स्टॉकफिश इंजिन फुकट मिळतं, साध्या मोबाईलवर चालतं, आणि कुठल्याही ग्रँडमास्टरला भारी पडतं. म्हणून साइटवाले आधी तुमच्या चाली इंजिनच्या चालींशी ताडून बघतात, पण तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, सगळेच पाठ करून येतात, आणि समोरच्याने दहाव्या चालीला वजीर फुकट घातला तर पुढे तुम्हीआम्हीही अचूकच खेळतो. खरा प्रश्न असा की या रेटिंगचा (म्हणजे खेळाच्या ताकदीच्या आकड्याचा) माणूस इतक्या अवघड पोझिशनमध्ये बरोबर चाल साधारण किती वेळा शोधतो आणि हा त्याच्या किती पुढे गेलाय. बफेलो युनिव्हर्सिटीचे केनेथ रेगन वर्षानुवर्षं हाच हिशोब करतायत. शिवाय वेळ बघतात. घोडा मारला, उलट मारण्यावाचून पर्याय नाही, तिथेही सात सेकंद, आणि पट पूर्ण गुंतलाय तिथेही सातच सेकंद, असं माणूस खेळत नाही हो.

पण हुशार चीटर अख्ख्या डावात एखाददुसरीच चाल विचारतो, तगड्या खेळाडूला तेवढी पुरते, आणि ते एका डावात दिसणं जवळपास अशक्य. खूप डाव लागतात. आणि खूप डाव घेतले तरी निवडायचे कसे तेही कळायला हवं! 2023 मध्ये माजी वर्ल्ड चॅम्पियन क्रामनिकने अमेरिकन ग्रँडमास्टर नाकामुराच्या सलग 46 डावांत साडेपंचेचाळीस पॉइंट्सवर (म्हणजे 45 विजय, एक बरोबरी) संशयाने बोट ठेवलं. आता नाकामुरा हजारो ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट) डाव खेळतो, तेही पुष्कळदा बऱ्याच कमी रेटिंगवाल्यांशी, मग त्यात अशी रांग कधीतरी लागणारच, आणि सगळ्या डावांतून नेमकी तीच उचलून 'हे कसं शक्य आहे' विचारणं हे गणितच चुकीचं. चेस डॉट कॉमनेही हिशोब करून त्यात वावगं काही नाही असंच सांगितलं.

2022 चं अमेरिकन ग्रँडमास्टर हान्स नीमनचं प्रकरण तर सगळ्यांना माहितीय, तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन कार्लसन त्याच्याकडून हरला आणि सिंकफील्ड कप या स्पर्धेतून बाहेर पडला. चेस डॉट कॉमच्या 72 पानी रिपोर्टमध्ये होतं की नीमनने शंभराहून जास्त ऑनलाइन डावांत बहुधा चीटिंग केली, आणि त्याच रिपोर्टमध्ये हेही होतं की कार्लसनविरुद्धच्या त्या समोरासमोरच्या डावात चीटिंगचा ठोस पुरावा नाही. लोकांनी पहिलंच वाक्य उचललं.

तेव्हा संशय आला तर चॅटमध्ये लिहू नका, रिपोर्टचं बटण दाबा. तुमच्याकडे तो एकच डाव असतो, साइटकडे त्याचे सगळे जुने डाव आणि प्रत्येक चालीची वेळ असते. तो दोषी निघाला तर तुमचे गेलेले रेटिंग पॉइंट्स बऱ्याचदा परतही मिळतात.