हवापाणी मानवेल का?

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना म्हणजे आपल्याकडे बदल्यांचा महिना. शाळांचे निकाल लागलेले असतात, हुकूम हातात पडतो आणि घरात रिकामे खोके जमायला लागतात. माझी नोकरी बँकेतली. नागपूर, मुंबई, पुणे अशी तीन शहरं मी संसारासकट पाहिली. त्यामुळे नात्यात कुणाचं बिऱ्हाड हलायचं असलं की फोन मला येतो.

गेल्या वर्षी असाच भाच्याचा फोन आला. जन्म, शिक्षण, नोकरी सगळं नागपुरात. आता एक नोकरी ठाण्यात मिळत होती आणि दुसरी पुण्यात. पगारात फारसा फरक नव्हता. तो म्हणाला, "मावशी, मी सगळे आकडे काढले. नागपूरचं वर्षाचं सरासरी तापमान २७ अंश, मुंबईचं २७, पुण्याचं २५. म्हणजे हवेचा प्रश्नच मिटला न!"

आकडे अगदी बरोबर होते. पण नागपूरचे २७ म्हणजे मे महिन्यातल्या दुपारचे ४२-४३ आणि जानेवारीतल्या पहाटेचे १२-१३ यांची गोळाबेरीज. डिसेंबर २०१८ मध्ये तर तिथला पारा साडेतीन अंशांवर उतरला होता. मुंबईत उतरत्या-चढत्या पाऱ्याची एवढी धावपळच नसते. मेमध्ये दुपारी ३३-३४, जानेवारीत दुपारी ३०-३१. माणूस सरासरीत राहत नाही, तो मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता स्वयंपाकघरात किंवा बसस्टॉपवर उभा असतो.

हे मला कळलं ते एका कूलरमुळे. माझी मुंबईला बदली झाली तेव्हा आमच्या सामानात लोखंडी पत्र्याचा, हत्तीएवढा कूलर होता. नागपूरकराला कूलर म्हणजे घरातला माणूस. मार्च संपता संपता त्याला माळ्यावरून उतरवायचं, रंगाचा हात मारायचा, ताट्या बदलायच्या, आणि पहिल्यांदा पंप सुरू केला की ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरायचा. तो वास आला की उन्हाळा बसला. हा कूलर आम्ही ट्रकमध्ये चढवला आणि डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर चार हमालांकडून वर नेला. शेजारच्या काकू दारात आल्या, कूलरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "ताई, हे काय आणलंत? पिठाची गिरणी टाकताय का?"

संध्याकाळी टाकी भरून कूलर लावला. अर्ध्या तासात खोलीची बाथरूम झाली. चादरी ओलसर, अंग चिकट, आणि गारवा म्हणाल तर नावाला नाही. यजमान म्हणाले, पंप बिघडला असेल. पंप ठणठणीत होता.

बिघाड कुठे होता ते सांगते. पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा उष्णता सोबत घेऊन जातं. कूलर एवढंच करतो, आपला घामही एवढंच करतो. पण हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर पाणी उडणार कुठे? म्हणून वेधशाळेत दोन तापमापक शेजारी शेजारी ठेवतात. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. नागपुरात मेच्या दुपारी कोरडा पारा ४२ दाखवत असेल आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फडक्याचा पारा साधारण २४ वर असतो. १८ अंशांची उतरण. कूलरला खेळायला एवढं मोठं मैदान. मुंबईत कोरडा पारा ३३ आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर ओल्या फडक्याचा पारा २८. उतरण जेमतेम पाच अंशांची. कूलर बिचारा करणार काय? आणि घाम तरी?

नागपूरचं ऊन भाजतं. मुंबईचा उन्हाळा उकडतो. शब्द आपल्या भाषेत आधीपासूनच वेगळे आहेत, आपणच ते एकाच मापाने मोजायला जातो. भाजणाऱ्या उन्हापासून पळता येतं. दुपारी घरात बसा, डोक्याला दुपट्टा गुंडाळा, पन्हं प्या, खिशात कांदा ठेवा. कांद्याचा उपयोग किती होतो ते मला विचारू नका, पण माझी आजी ठेवायची. उकाड्याला मात्र दार नाही, खिडकी नाही. तो रात्री अकरालाही तिथेच असतो.

हवामान खात्यालाही हे ठाऊक आहे. उष्णतेची लाट कधी म्हणायची याचे त्यांचे नियम आहेत. सपाट प्रदेशात पारा निदान ४० वर जावा लागतो, किनाऱ्यावर ३७ पुरतात. शिवाय तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असायला हवा, नाहीतर सरळ ४५ वर गेलेला. नागपुरात मे महिन्यात ३७ अंश झाले तर लोक म्हणतील, आज बरं आहे.

आणि खर्च? कूलर साधारण दोनशे वॉटवर चालतो, दीड टनाचा एसी दीड हजार वॉटच्या आसपास. पगाराची तुलना करताना विजेचं हे बिल कुणी धरत नाही. अर्थात कूलर पाणीही भरपूर पितो, आणि एप्रिलमध्ये नळाला एक दिवसाआड पाणी येत असेल तर तोही हिशेब आलाच.

पावसाबद्दल तर गैरसमजांची रासच आहे. पुणं म्हणजे पावसाचं गाव असं बऱ्याच जणांना वाटतं, कारण पुण्याचा पाऊस बोलतो फार. प्रत्यक्षात पुणे शहरात वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नागपुरात त्याहून जास्त, हजारावर. मुंबईत २,२०० ते २,५००. पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्री उभा आहे, ढग आपलं ओझं घाटातच उतरवून पुढे येतात. जेमतेम ६५ किलोमीटरवरच्या लोणावळ्यात पुण्याच्या चौपटीहून अधिक पाऊस कोसळतो. भाचेसुनेची बहीण लंडनला असते, ती सारखी पावसाचं रडगाणं गाते. लंडनचा वर्षाचा पाऊस पुण्यापेक्षाही कमी आहे! पण तो बारा महिने थोडा थोडा गळत असतो, आणि डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो. माणूस कंटाळतो तो तिथे अंधाराला, आणि शिव्या घालतो पावसाला.

मुंबईचा पाऊस मात्र घरात येऊन राहतो. मे महिन्यात घर बघायला गेलात की भिंती छान रंगवलेल्या असतात, मालक गोड बोलतो. आम्हीही तसंच घेतलं होतं. पश्चिमेची भिंत जुलैत पाझरायला लागली. कपाटातल्या चामडी चपलांवर हिरवट बुरशी, पापड सादळलेले, रेशमी साड्यांना कुबट वास, आणि दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमटच. मालकाला कळवलं, तो म्हणाला, "ताई, पावसात पाणी येणारच." आता या वाक्याला काय उत्तर देणार? पुढच्या मेमध्ये आम्हीच वर ताडपत्री टाकून घेतली.

तेव्हापासून माझ्याकडे एक साधन आहे. मिठाची बरणी. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ बाष्प ओढून घेतं आणि पाणी सुटायला लागतं. नागपुरात मे महिन्यात मीठ वाळूसारखं भुरभुरतं. मुंबईत जून ते सप्टेंबर त्यात तांदळाचे दाणे टाकावे लागतात. पुण्यातही जुलै-ऑगस्टमध्ये मीठ ओलावतं, पण त्या मानाने लवकर सावरतं.

पुण्याबद्दल एक सांगते, कारण मुंबईहून पुण्याला जाणारे हमखास फसतात. त्यांना वाटतं आपण थंड हवेच्या ठिकाणी चाललोय. एप्रिलमध्ये पुण्याची दुपार मुंबईपेक्षा चार-पाच अंशांनी जास्त तापते. ३८ नेहमीचं, ४० अधूनमधून. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. पण सूर्य मावळला की पुणं पदर झटकावा तसं ऊन झटकून टाकतं. पहाटे पारा २० च्या आसपास. शहर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि हवा कोरडी आहे, म्हणून रात्र निवते. पुण्याचं जे काही सुख आहे ते या रात्रीत आहे. निदान होतं. सिमेंट वाढलं, झाडं गेली, तशा रात्रीही ऊबदार व्हायला लागल्या आहेत. हिवाळ्यात शिवाजीनगरला दहा अंश असतात त्या पहाटे मगरपट्ट्यात पंधरा-सोळा. दोन्हीही पुणंच. त्यामुळे "पुण्याचं हवामान कसं आहे" या प्रश्नाला मी "कुठल्या पुण्याचं" असं विचारते.

मुंबईचंही तेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्याच्या अख्ख्या वर्षाहून जास्त. त्याच दिवशी कुलाब्याला पडला अवघा ७३. एकाच शहरात, लोकलने तासभराच्या अंतरावर. तेव्हा शहराचा आकडा बघून झाला की गल्लीत जायचं आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारायचं, पाणी कुठपर्यंत चढतं हो? पुण्यात आंबिल ओढ्याकाठच्या लोकांना सप्टेंबर २०१९ ची रात्र विचारा. नागपुरात अंबाझरी तलावाखालच्या वस्त्यांना सप्टेंबर २०२३ ची पहाट विचारा. त्या नागपूरची, जिथे लोक फक्त उन्हाचीच भीती घालतात.

तर भाच्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. हवामान खात्याकडे प्रत्येक वेधशाळेचे तीस वर्षांचे महिनावार आकडे असतात. त्यातला वर्षाचा रकाना झाकून ठेव आणि प्रत्येक महिन्याचं दुपारचं तापमान, पहाटेचं तापमान आणि आर्द्रता एवढंच बघ. दुसरं, घर बघायला ठाण्याला जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जा आणि पुण्याला एप्रिलच्या दुपारी. एप्रिल उलटून गेला होता, म्हणून तो नुसता जुलैत ठाण्याला गेला. पश्चिमेच्या भिंतीवर हात फिरवला, शेवटचा मजला नको म्हणाला. आणि घरमालकिणीला चक्क म्हणाला, "काकू, जरा मिठाची बरणी दाखवता का?" त्या बाईंनी त्याला काय समजलं असेल देव जाणे. पण दाखवली. तळाशी पाणी होतं.

मला वाटलं, आता हा पुण्याला जाणार. त्याने ठाणं घेतलं.

का, तर सूनबाई रत्नागिरीची. लग्न होऊन नागपूरला आली तेव्हापासून दर एप्रिलमध्ये तिचा घोळणा फुटायचा. रात्री उशाशी ओलं फडकं घेऊन झोपायची. तिला कोरडी हवा मानवतच नव्हती. ते दोघं गेली पाच वर्षं एकाच घरात राहत होती, पण दोन वेगळ्या हवामानांत. आणि आकडे काढताना भाच्याने फक्त स्वतःला धरलं होतं.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला, आवाजातच उजाडलं होतं. "मावशी, श्वास कसा मोकळा वाटतोय!" भाचा मागून ओरडत होता की त्याचा शर्ट चार दिवस वाळलेला नाही. त्याला दुसरी एक तक्रारही होती. नागपूरपेक्षा इथे सूर्य पंचवीस मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे सकाळी फिरायला जावंसंच वाटत नाही. हे कारण मला नवीन होतं, पण हिशेबाने बरोबर आहे.

ऑक्टोबर उजाडला. पाऊस गेला, ओल राहिली, ऊन तापलं. मुंबईचा दुसरा उन्हाळा. एका रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "मावशी, तुझा तो जुना कूलर मामाकडे आहे न अजून? दिवाळीला नागपूरला चाललोय. येताना घेऊन येऊ का?"

मी म्हटलं, "बाळा, त्या कूलरचं ट्रकभाडं मी एकदा भरलंय."