नूह अलैहिस्सलाम: नौकेआधीची हाक

जुदी नावाचा एक पर्वत आहे. तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, जिझ्रे शहराजवळ. महापूर ओसरल्यावर पैगंबर नूह अलैहिस्सलाम (त्यांच्यावर शांती असो) यांची नौका ‘जुदी’वर टेकली, असं कुराणातली सूरह (अध्याय) हूद सांगते. परंपरेनं तो जुदी हाच. नूह यांची मानली जाणारी कबरही जिझ्रेत आहे.

नूह म्हटलं की डोळ्यांपुढे नौका येते. पण त्यांच्याच नावाची ७१वी सूरह वाचून पाहा. २८ आयती (वचनं), आणि नौकेचा उल्लेखही नाही. लोक बुडाले, हे एका आयतीत सांगून होतं. बाकी आहे ती विनवणी. नूह अल्लाहला सांगतात: मी माझ्या कौमला, माझ्या लोकांना, रात्रंदिवस बोलावलं. उघडपणे सांगितलं, एकांतातही सांगितलं. त्यांनी कानांत बोटं घातली, कपड्यांत तोंडं लपवली. वद्द, सुवाअ, यगूस, यऊक, नस्र... या दैवतांना सोडू नका, असं ते एकमेकांना बजावत राहिले.

हे किती काळ चाललं? सूरह अन्कबूत म्हणते, पन्नास कमी एक हजार वर्षं.

कौमचे सरदार म्हणाले, तुझ्यामागे आहेत ते आमच्यातले हलके लोक. नूह यांनी उत्तर दिलं: मी तुमच्याकडे मोबदला मागत नाही, आणि ईमान (श्रद्धा) आणलेल्यांना हाकलणारही नाही. नूह यांचं मोठेपण इथे सर्वांत जास्त जाणवतं. वजनदार माणसं जवळ यावीत म्हणून गरिबांना उठवायचं, हा सौदा त्यांनी नाकारला.

मग पाणी आलं. लाटा डोंगराएवढ्या झाल्या. नूह यांनी मुलाला हाक मारली, “बाळा, आमच्यासोबत चढ.” तो म्हणाला, “मी डोंगराचा आसरा घेईन.” दोघांमध्ये लाट आली. बापाच्या तोंडून निघालं, “रब (पालनहार), माझा मुलगा माझ्या घरातलाच आहे.” उत्तर आलं, “तो तुझ्या घरातला नाही.” पैगंबराच्या पोटी जन्मला, तरी रक्ताचं नातं कामी आलं नाही.

हदीसमध्ये, म्हणजे मुहम्मद पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींत, कयामतच्या (अंतिम निवाड्याच्या) दिवसाचं वर्णन आहे. घाबरलेली माणसं आधी आदम यांच्याकडे जातील, मग नूह यांच्याकडे. म्हणतील, पृथ्वीवरच्या लोकांकडे पाठवलेले पहिले रसूल (अल्लाहचे दूत) तुम्ही, आमच्यासाठी शिफारस करा. नूह म्हणतील, माझ्या वाट्याची एक दुआ होती, ती मी माझ्याच कौमविरुद्ध मागून बसलो. आणि त्यांना इब्राहिम यांच्याकडे पाठवतील.