शेवट पटला नाही, म्हणजे नेमके काय झाले?

नमस्कार. चित्रपटगृहातून बाहेर पडताना आपण कितीदा तरी म्हणतो, "सिनेमा चांगला होता, पण शेवट पटला नाही." आज या 'पटण्या'विषयी बोलायचे आहे, कारण माझ्या मते न पटणारा शेवट स्वतःपुरता फसत नाही, तर आधी पाहिलेली दोन तासांची गोष्टही मागे जाऊन खोटी पाडतो.

दादरला पाहिलेल्या एका मराठी चित्रपटाचेच घ्या. नाव मुद्दाम घेत नाही. लालबागच्या चाळीत राहणारा, पतपेढीतला एक कारकून खातेदारांच्या पैशांना हात लावतो. घरी येऊन तो त्या नोटा तीनदा मोजतो, बाहेर पावले वाजली की दर वेळी थांबतो आणि शेवटी त्या नोटा तांदळाच्या डब्यात तळाशी पुरतो. तो प्रसंग चालू असताना माझ्या शेजारच्या बाईंच्या हातातला बटाटावडा कागदातच गार झाला. पुढचा दीड तास आम्ही सगळे त्या डब्याच्या धाकात होतो. आणि शेवटी काय होते, तर ज्याचा तोवर एका शब्दानेही उल्लेख नाही असा कोकणातला मामा वारतो, त्याची जमीन विकून पैसे भरले जातात आणि घर आरतीला उभे राहते. दिवे लागण्याआधीच लोक पायांनी चपला चाचपू लागले होते.

कोकणात मामा असणे अशक्य नाही. मुंबईत निम्म्या घरांना गावच्या जमिनीची गोष्ट असते. पण पैसे असे आपोआपच येणार होते, तर तीनदा नोटा मोजणाऱ्या त्या हातांच्या भीतीला काय अर्थ उरला? घरी जाताना मला तोच प्रसंग आठवला आणि या वेळी तो पोकळ वाटला.

कथानकाची उकल कथानकातूनच निघावी, जुन्या ग्रीक नाटकांत ऐन वेळी यंत्राने रंगमंचावर उतरवलेल्या देवाकडून नव्हे, हे ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स' या आपल्या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात सांगून ठेवले आहे. शक्य पण न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा अशक्य पण पटणारी गोष्ट बरी, असेही तो म्हणतो. याचा उत्तम दाखला आपल्याकडेच आहे. प्रभातच्या 1936 सालच्या 'संत तुकाराम'च्या शेवटी तुकोबा गरुडावर बसून सदेह वैकुंठाला जातात. याहून अशक्य ते काय असणार? तरीही ते दृश्य खटकत नाही, कारण विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यावरची ती शांत तल्लीनता आणि इंद्रायणीतून परत आलेली गाथा पाहिलेल्या प्रेक्षकाला त्या जगाचे नियम तोवर माहीत झालेले असतात.

'शोले'चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो; पण 1975 साली, आणीबाणीच्या काळात, निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणे सेन्सॉरला मान्य झाले नाही आणि शेवट नव्याने चित्रित करावा लागला. पोलीस ऐन वेळी येतात आणि ठाकूरला थांबवतात. ते पोलीस मला आजही उपरे वाटतात. तरी चित्रपट कोसळला नाही. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला. याचे कारण, मला वाटते, असे की ते येईपर्यंत खिळे ठोकलेल्या बुटांनी ठाकूरने आपला हिशेब जवळजवळ पुरा केलेला असतो. बाहेरून आलेला हात फक्त शेवटचा घाव अडवतो, आधीचे घाव पुसत नाही.

मामाने नेमके तेच पुसले. आणि याची हळहळ अधिक वाटते, कारण त्या चित्रपटाचा खरा शेवट त्याच्याच पोटात होता. मध्यांतराच्या थोडे आधी कारकुनाची आई भातासाठी तांदूळ काढायला डबा उचलते, तो हाताला वेगळा लागतो म्हणून क्षणभर थांबते, मुलाच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहते आणि काही न बोलता वरचेवर तांदूळ काढून झाकण लावते. तिला कळले होते. ती आता काय करणार, हे पाहायला मी उत्तरार्धभर थांबलो होतो, पण तो डबा पुन्हा पडद्यावर आलाच नाही.